ज्युबिलीने पाय परत दिले नाहीत: लिस हार्टेल यांच्या पुनर्वसनाचा प्रकरण अभ्यास

घोड्यांच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारांचा इतिहास कुणी सांगू लागलं की एक नाव हमखास येतं: डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडले, घोड्यावर बसल्या, बऱ्या झाल्या आणि ऑलिम्पिक पदक जिंकलं, अशी ती गोष्ट सांगितली जाते. यातलं ‘बऱ्या झाल्या’ एवढं सोडलं तर बाकी खरं आहे. त्यांचे गुडघ्याखालचे पाय 1944 साली गेले ते परत आले नाहीत. मग घोड्याने नेमकं काय केलं? प्राण्यांच्या सहवासातून होणाऱ्या उपचारांबद्दल आज जे बोललं जातं, त्यातलं खरं किती आणि भाबडं किती हे ओळखायला या प्रश्नाचा फार उपयोग होतो. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं.

रुग्ण आणि आजार

सप्टेंबर 1944. डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता आणि पोलिओची लस यायला अजून दहा-अकरा वर्षं होती. कोपनहेगनला लागून असलेल्या हेलेरूप इथे जन्मलेल्या हार्टेल तेव्हा 23 वर्षांच्या होत्या. पदरी एक मुलगी होती आणि दुसऱ्या खेपेचे दिवस गेले होते. घोडेस्वारी त्या लहानपणापासून शिकल्या होत्या, आणि 1943 व 1944 अशी लागोपाठ दोन वर्षं ड्रेसाज या प्रकारातलं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्याकडे होतं. ड्रेसाजमध्ये उड्या नसतात, शर्यत नसते. आखलेल्या चौकोनात घोड्याने ठरावीक चाली, वळणं, आडवे कदम, लय बदलणं हे सगळं स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यांवर करायचं असतं. इशारा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जितका कमी दिसेल तितकं कसब मोठं.

पोलिओ झाला आणि अंगाचा बहुतेक भाग लुळा पडला. गरोदरपणात पोलिओच्या लकव्याचा धोका वाढतो हे आता ठाऊक आहे. त्या काळी अशा बाईच्या घरच्यांच्या हाती वाट पाहण्याखेरीज फारसं काही नव्हतं. बाळ सुखरूप जन्मलं, मुलगी झाली. पुढच्या महिन्यांत हातांत थोडं बळ आलं, मांड्यांचे स्नायू बऱ्याच अंशी कामाला लागले. गुडघ्याखाली मात्र काहीच परतलं नाही, आणि हातांत व दंडांतही अशक्तपणा उरला. आधी रांगणं, मग कुबड्यांवर उभं राहणं, मग चालणं. डॉक्टरांच्या लेखी कुबड्यांवर चालता येणं हेच मोठं यश होतं, आणि 1945 सालच्या वैद्यकाच्या मर्यादा पाहता त्यांचं काही चुकत नव्हतं.

आजाराचं स्वरूप इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सारा उलगडा त्यावरच उभा आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. स्पर्श, दाब, वेदना, सांध्यांची स्थिती या जाणिवा मेंदूकडे नेणाऱ्या वाटा तो सहसा शाबूत ठेवतो. फोनवर समोरच्याचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं, पण आपला आवाज मात्र पलीकडे पोचू नये, तशी पोलिओग्रस्त पायाची अवस्था असते. पाय हलत नाही, पण त्याला सगळं कळतं. मज्जारज्जूला अपघाताने इजा होते तेव्हा बहुधा हालचाल आणि जाणीव दोन्ही जातात. हार्टेल यांची जाणीव गेली नव्हती. खोगिरावर बसलेल्या माणसासाठी हा फरक किती मोठा असेल, याचा विचार या प्रकरणाबद्दल लिहिणारे फारसा करत नाहीत.

आणखी एक गोष्ट. पोलिओतून वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे काढतात आणि मेलेल्या शेजारणींच्या पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंना आपल्या पदराखाली घेतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत, बळ आपसूक बरंच परत येतं. हार्टेल यांच्या मांड्यांत आणि हातांत जे परतलं त्याचं मोठं श्रेय या नैसर्गिक दुरुस्तीला आणि त्यांनी नेटाने केलेल्या व्यायामाला आहे. ते सगळं घोड्याच्या खात्यावर मांडणं अन्यायाचं होईल.

मांड आणि टाच

हार्टेल यांना पुन्हा स्वारी करायची होती. हा हट्ट कुणालाही अवाजवीच वाटला असता, आणि त्याला कारण होतं. ड्रेसाजमध्ये घोड्याशी बोलण्याची मुख्य साधनं तीन: मांड, पाय आणि लगाम. पुढे चल, बाजूला सरक, मागचे पाय पोटाखाली घे, दौडीत पुढचा पाय बदल, हे सांगण्यात पोटरी आणि टाच यांचा वाटा फार मोठा. पोटरी घोड्याच्या कुशीला कुठे टेकते, किती टेकते, केव्हा सुटते, यावर घोडा ओळखतो की काय हवं आहे. हार्टेल यांच्याकडून नेमकं हेच साधन गेलं होतं, आणि लगाम धरणारे हातही पूर्वीसारखे राहिले नव्हते. उरली मांड: मांड्यांची पकड, कंबर, पाठ आणि अंगाचा तोल.

घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याची मदत लागे, आणि ती पुढे कायम लागली. वर बसल्यावर पहिलं काम तोल सांभाळण्याचं. धड माणूस रिकिबीवर पाय रोवून जे काम न कळत करतो, ते त्यांना पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंनी करावं लागलं. मग पुढचं काम: वजनाचा इशारा देणं. कंबर किंचित पुढे, एका बाजूचं आसनाचं हाड जरा जड, पाठ क्षणभर ताठ, श्वास सोडून सैल.

या प्रकरणातला दुसरा रुग्ण नव्हे, दुसरा उपचारक म्हणावा तो इथे येतो: ज्युबिली ही घोडी. पाच-सहाशे किलोच्या जनावराला इतका सूक्ष्म इशारा कळतो कसा? घोड्याची कातडी कमालीची संवेदनशील असते. अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो. पाठीवर बसलेल्या माणसाचं वजन अर्ध्या बोटाने सरकलं तरी त्याला ते कळतं. पण कळणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावून वागणं वेगळं. पोटरीचा दाब आला की पुढे जायचं, ही भाषा जवळजवळ प्रत्येक शिकवलेल्या घोड्याला येते. पोटरी गप्पच राहणार आहे आणि जे काही सांगायचं ते पाठीवरूनच येणार आहे, ही भाषा ज्युबिलीला त्यांच्यासोबत घडवावी लागली. चूक झाली की पुन्हा, बरोबर झालं की ताण लगेच सैल. या देवाणघेवाणीत घोडी जितकी शिकली तितक्याच हार्टेलही शिकल्या: आपल्या अंगातून नकळत कोणते इशारे निसटतात, कोणते घोडीपर्यंत पोचतच नाहीत.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते इथे आहे. आजारी माणसाच्या आसपासची माणसं त्याच्या उणिवेशी बोलू लागतात. जिना आला की हात पुढे होतो, आवाज हळुवार होतो, अपेक्षा कमी होतात. सगळं प्रेमापोटी. ज्युबिलीला हार्टेल यांच्या पोटऱ्यांबद्दल काही माहीत नव्हतं. तिच्यापुरता स्वार म्हणजे पाठीवर येणारं वजन, लय आणि ताण. इशारा स्पष्ट असला तर ती करी, अस्पष्ट असला तर करत नसे. दया नव्हती, त्यामुळे सूटही नव्हती. आणि जेव्हा ती करी, तेव्हा हार्टेल यांच्या शरीराने काहीतरी खरोखर साध्य केलेलं असे. कुणी मन राखण्यासाठी दिलेली ती शाबासकी नसे. पुनर्वसनात काम करणाऱ्यांना ठाऊक असतं की रुग्णाला खोटं कौतुक लगेच ओळखू येतं आणि ते आतून पोखरतं. प्राणी असं कौतुक करू शकत नाही, आणि त्याची उपचारशक्ती मला मुख्यतः यात दिसते.

निकाल

1947 साली, आजारानंतर तीन वर्षांनी, स्कँडिनेव्हियन स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. पुढल्या वर्षी लंडनला ऑलिम्पिक होतं, पण तिथे ड्रेसाजमध्ये फक्त सैन्यातले अधिकारी उतरू शकत. बायका नाहीत, मुलकी पुरुष नाहीत, साधे सैनिकसुद्धा नाहीत. हा नियम किती कडक होता ते स्वीडनच्या संघाने अनुभवलं. त्यांचा एक स्वार, गेनाल पेरसन, प्रत्यक्षात सार्जंट होता आणि स्पर्धेपुरता त्याला अधिकारी करण्यात आलं होतं. ते उघडकीला आल्यावर 1949 साली संघाचं सुवर्णपदक काढून घेण्यात आलं. त्या वेळी हार्टेल यांच्या वाटेत आडवे आले ते पाय नव्हते, नियम होता.

1952 ला हेलसिंकीत दार उघडलं. ड्रेसाजमध्ये चार बायका उतरल्या. वैयक्तिक स्पर्धेत स्वीडनचे आँरी सँ-सीर 561 गुणांनी पहिले आले. हार्टेल आणि ज्युबिली 541.5 गुणांनी दुसऱ्या. फ्रान्सचे आंद्रे जूसोम 541 गुणांनी तिसरे. दुसऱ्या-तिसऱ्यात अर्ध्या गुणाचा फरक. सँ-सीर यांनी हार्टेल यांना पदकाच्या चौथऱ्यावर चढायला हात दिला, आणि तो प्रसंग गाजला. तो हृद्य आहेच. पण अभ्यासकाने 541.5 या आकड्याकडे जास्त पाहावं असं मला वाटतं. गुणपत्रिकेत व्यंगासाठी वेगळा रकाना नव्हता. ज्या मोजपट्टीने घोडदळातल्या अधिकाऱ्यांना मोजलं गेलं, तीच यांनाही लागली. अश्वारोहणात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारी ही पहिली स्त्री.

हा योगायोग असेल तर दुसऱ्यांदा घडला नसता. चार वर्षांनी मुख्य ऑलिम्पिक मेलबर्नला झालं, पण ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांसाठीच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तिथेही सँ-सीर पहिले, 860 गुण. हार्टेल आणि ज्युबिली पुन्हा दुसऱ्या, 850 गुण. या खेपेला अंतर दहावर आलं होतं.

हेलसिंकीचं ऑलिम्पिक संपलं 3 ऑगस्ट 1952 ला. त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सन यांनी 27 ऑगस्टला एका मुलीच्या गळ्यातून नळी घालून रबरी पिशवीने हाताने हवा भरण्याचा मार्ग अवलंबला, आणि मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथली मानतात. या साथीचा हार्टेल यांच्या पदकाशी सरळ संबंध नाही. पण जीव वाचलेल्या त्या रुग्णांपैकी पुष्कळांपुढे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला असणार. आणि त्याच शहराच्या वेशीवर वाढलेली, पोलिओने पाय गेलेली एक बाई नुकतीच पदक घेऊन आली होती. लुळेपणानंतरच्या आयुष्याकडे पाहण्यासाठी त्या देशाला त्या वर्षी दोन अगदी वेगळे धडे एकदमच मिळाले.

घोड्याने काय केलं, काय नाही

आता मूळ प्रश्नाकडे. घोड्यावर बसल्याने शरीराला काय होतं, याचं उत्तर बऱ्यापैकी ठोस आहे. घोडा संथ चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल एकाच दिशेने होत नाही. ती पुढे-मागे होते, बाजूला झुकते आणि थोडी पिळतेही. स्वाराचा कंबरेचा सांगाडा तिच्याबरोबर तसाच हलतो, आणि ही हालचाल माणूस स्वतःच्या पायांनी चालताना कंबर जशी हलते तिच्याशी बरीच जुळते. मिनिटाला साधारण 90 ते 110 वेळा असा धक्का येतो. प्रत्येक धक्क्याला पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना तोल सावरावा लागतो. ज्याला चालता येत नाही त्याच्या धडाला चालण्याचा सराव मिळतो तो असा. जोडीला घोड्याच्या अंगाची ऊब, जी आपल्यापेक्षा जराशी जास्त असते, आणि पाय फाकवून बसण्याची स्थिती. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे, मांड्यांचे स्नायू आखडलेल्या मुलांना याने सैलपणा येतो. अशा उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात. त्यात फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याची चाल हे साधन म्हणून वापरतो. रुग्णाला स्वारी शिकवणं हा हेतू नसतो.

हार्टेल यांचं प्रकरण या चौकटीत पूर्ण बसत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पोलिओत स्नायू आखडत नाहीत, सैल पडतात. त्यामुळे ऊब आणि ताण सुटणं हा फायदा त्यांच्या बाबतीत दुय्यम. तोल आणि पाठीचे स्नायू घडणं हा फायदा मात्र नक्की झाला असणार. आणि शाबूत असलेली जाणीव इथे उपयोगी पडली. घोडीचं प्रत्येक पाऊल त्यांना मांडीत, कमरेत कळत होतं. इशारा दिला, प्रतिसाद आला, तो अंगाला कळला, पुढचा इशारा सुधारला. शिकण्याचं हे चक्र पूर्ण होण्यासाठी जाणीव लागते. ती गेलेल्या रुग्णाला डोळ्यांच्या आणि हातांच्या आधारे शिकावं लागतं, आणि त्याला हार्टेल यांचं उदाहरण दाखवून ‘तूही कर’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आता अवघड भाग. जे काम झालं ते चालीचं, की जिवंत जनावराचं? चालच महत्त्वाची असेल तर हलणारं यंत्रही चालेल. दोन अभ्यास इथे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 2003 साली अमेरिकेत बेंडा आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या 15 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना तितकाच वेळ स्थिर पिंपावर, पाय तसेच दोन्ही बाजूंना टाकून. घोड्यावर बसलेल्या मुलांत दोन्ही बाजूंच्या स्नायूंचं काम एकसारखं होण्याकडे झुकलं. पिंपावर बसलेल्यांत तसा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे बसण्याची ढब पुरेशी नाही, चाल हवी. पण यातून जिवंत घोडाच हवा हे सिद्ध होत नाही, आणि 15 मुलांवरून फार मोठं काही बोलूही नये.

दुसरा अभ्यास 2015 चा, गेब्रियल्स आणि सहकाऱ्यांचा. ऑटिझम असलेली, 6 ते 16 वयाची 127 मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागली. दहा आठवडे एका गटाने स्वारी केली, दुसऱ्या गटाने तबेल्यातलेच उपक्रम केले, घोड्यांविषयी शिकली, पण खऱ्या घोड्याशी संपर्क न येता. स्वारी करणाऱ्या मुलांत चिडचिड आणि अतिचंचलता अधिक घटली, बोलण्यातले शब्द वाढले. इथे जागा तीच, विषय तोच, लक्ष देणारी माणसं दोन्हीकडे. फरक घोड्याचा. तरी हे मोजणं पालकांच्या निरीक्षणावर बरंचसं अवलंबून असतं, आणि आपलं मूल कुठल्या गटात आहे हे पालकांपासून लपवता येत नाही. या क्षेत्रातली ही अडचण कायमची आहे: घोडा आहे की नाही हे रुग्णाला कळणारच.

हार्टेल यांच्याबाबतीत माझा निष्कर्ष असा. चालीने त्यांचं धड घडवलं, पण ज्या गोष्टीने त्यांना अंथरुणातून चौकोनापर्यंत नेलं ती यंत्राने झाली नसती. यंत्र इशाऱ्याचा अर्थ लावत नाही. ते कंटाळत नाही, अडत नाही, ओळखत नाही; म्हणून ते मान्यही करत नाही. ज्युबिलीने एका बदललेल्या शरीराची भाषा शिकली, आणि त्या शरीराच्या मालकिणीला आपली भाषा कुणाला तरी पूर्ण कळते हे अनुभवता आलं. पाय परत न देता तिने पायांची गरज कमी केली. हा इलाज नव्हता, पण पुनर्वसनाचं याहून मोठं यश कोणतं असू शकतं?

यात एक धोकाही दडलेला आहे. हार्टेल आजारापूर्वीच राष्ट्रीय विजेत्या होत्या. घोड्यांमध्ये वाढल्या होत्या, घरचा आधार होता, घोडी पाळण्याची ऐपत होती. ज्या भाषेत त्या पुन्हा बोलायला शिकल्या ती त्यांची जुनीच भाषा होती. घोड्याची भीती वाटणाऱ्या, जन्मात कधी जनावराला हात न लावलेल्या रुग्णाकडून हीच अपेक्षा ठेवणं चूक. त्याच्यासाठी उपचाराचा घोडा हा आधी एक प्रचंड, अनोळखी, फुरफुरणारा प्राणी असतो, आणि त्याच्या शेजारी नुसतं उभं राहणं हेच पहिल्या काही दिवसांचं काम असू शकतं. त्याच्यासाठी कदाचित कुत्रा किंवा ससा बरा, किंवा कोणताच प्राणी नको. सर्वांनाच प्राण्यांनी बरं वाटतं हा समज सोडून द्यावा.

पदकानंतर

हेलसिंकीनंतर ही गोष्ट युरोपभर पसरली. नॉर्वेतल्या फिजिओथेरपिस्ट एल्सेबेट बॉदकर आणि कोपनहेगनमधल्या उल्ला हार्पोथ यांची नावं घोड्यांच्या साहाय्याने रुग्णांवर काम सुरू करणाऱ्या पहिल्या फळीत येतात. 1964 साली इंग्लंडमध्ये चिगवेल इथे अपंग मुलांसाठी पोनी स्वारीचा न्यास उभा राहिला. 1969 साली ब्रिटनमध्ये रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन आणि अमेरिकेत अशाच कामाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अमेरिकेतली ही संघटना आता पाथ इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते. जर्मन भाषक देशांत हिप्पोथेरपीचं वैद्यकीय अंग त्याच सुमारास आकाराला आलं. 1996 पासून अपंगांच्या पॅरालिम्पिकमध्ये ड्रेसाज आहे. नेदरलँड्समध्ये हार्टेल यांच्या नावाने प्रतिष्ठान आहे. त्यांनी स्वतः प्रात्यक्षिकं दिली, पोलिओग्रस्तांसाठी पैसा उभा केला. 2009 साली, 87 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

या प्रसारात एक गफलत झाली, आणि ती आजही चालू आहे. हार्टेल यांच्या वाट्याला एकच घोडी आली, वर्षानुवर्षांची. उपचार केंद्रात येणाऱ्या मुलाला मात्र आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि घोडा कधी हा, कधी तो. चालीचा फायदा त्यातूनही मिळतो. परस्परांना ओळखण्याचा फायदा मिळत नाही, किंवा फार हळू मिळतो. केंद्र चालवणाऱ्यांनी शक्य तिथे एका रुग्णाला एकच घोडा द्यावा असं मी आग्रहाने म्हणेन. वेळापत्रक आखणाऱ्याला याचा त्रास होतो, पण हार्टेल यांच्या प्रकरणातून काही एक उचलायचं असेल तर ते हे.

घोडीची बाजू

ज्युबिलीबद्दलच्या नोंदी स्पर्धांच्या निकालांत आहेत. तिच्या पाठीचं, स्नायूंचं, थकव्याचं काय झालं याबद्दल या गोष्टीत कुणी बोलत नाही, आणि ही उणीव एकट्या या प्रकरणाची नाही. उपचाराचे निकाल लिहिताना रुग्णाचे आकडे येतात, प्राण्याचे येत नाहीत. ज्याचा तोल एका बाजूला जातो असा रुग्ण घोड्याच्या पाठीवर रोज एकाच बाजूला जास्त भार टाकतो. पाय अचानक आखडणारं मूल नकळत कुशीत टाचा रुतवतं. शिकवलेला घोडा हे सोसतो, कारण सोसायला शिकवलंच आहे, आणि तिथेच धोका आहे. कान मागे चिकटवणं, शेपटी झटकणं, दात खाणं, खोगीर दिसताच पोट आकसणं, पूर्वी आनंदाने यायचा तिथे आता पाय ओढणं: घोड्याची रोज देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला या खुणा सर्वांत आधी दिसतात. म्हणून प्रत्येक सत्रानंतरच्या बैठकीत थेरपिस्टच्या बरोबरीने मोतद्दाराला बोलू द्यावं आणि त्याचं म्हणणं रुग्णाच्या फाइलमध्येच लिहावं. माणूस आणि प्राणी यांच्या संबंधांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या महासंघाने, आयएएचएआयओने, 2014 च्या आपल्या श्वेतपत्रिकेत उपचारात सहभागी प्राण्यांच्या आरोग्याला आणि कल्याणाला जागा दिली आहे, ते याचसाठी.

रुग्णाच्या बाजूनेही काही ठिकाणी स्पष्ट नकार द्यावा लागतो. आटोक्यात नसलेले झटके, ठिसूळ झालेली हाडं, निखळणारा खुबा, डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सैलपणा, घोड्याच्या केसांची तीव्र अ‍ॅलर्जी: अशा वेळी घोड्यावर बसवणं थांबवावं, पालकांनी कितीही विनवलं तरी. आणि पोलिओचा जुना रुग्ण आला तर त्याचा थकवा गांभीर्याने घ्यावा. आजारानंतर अनेक दशकांनी, वाढीव ओझं वाहून दमलेल्या चेतापेशी पुन्हा माघार घेऊ लागतात. अशा रुग्णाला ‘हार्टेल बघा’ म्हणून जास्त ढकललं तर असलेलं बळही कमी होतं. त्याला आधी वीस मिनिटं संथ चालीवर बसवावं, दुसऱ्या दिवशी फोन करून थकवा किती वेळ राहिला ते विचारावं, आणि त्या उत्तरावरून पुढचं सत्र ठरवावं.